फुप्फुसं निर्मळ

वासंतीकाकूंनी माईकजवळ तोंड नेलं आणि सांगितल्याप्रमाणे एका दमात लांबलचक "आ" लावला. हॉलमधली दीडशे माणसं पडद्याकडे टक लावून बसली होती. पडद्यावर हिरव्या रेषा थरथरल्या, एक चक्र गरगर फिरलं आणि अक्षरं उमटली : पित्ताशय – अनुपस्थित.

काकूंचं पित्ताशय चौदा वर्षांपूर्वी काढलेलं होतं. व्यासपीठावर चढल्यापासून त्या याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. पहिल्या रांगेत सुरू झालेल्या टाळ्या मागच्या दारापर्यंत पोचल्या. हळदीकुंकवाची तबकं टेबलावर तशीच पडून राहिली. तिळगूळ घ्यायलाही कुणी उठेना. सगळ्या बायका आणि त्यांच्यामागून आलेले सगळे पुरुष माईकच्या रांगेत उभे होते.

दिल्लीतल्या यमुनापारच्या या मराठी मंडळात अंगात आलेली बाई कुणी पाच मिनिटं चालवून घेतली नसती. मंत्रालयांतून निवृत्त झालेले अधिकारी, बँकेतली माणसं, पुण्याहून येऊन नोएडात संगणकाच्या नोकऱ्या करणारी जोडपी, अशी ही वस्ती. अंगारा वाटणारा कुणी आला असता तर याच लोकांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. हा माणूस मात्र पांढरा कोट घालून आणि लॅपटॉप घेऊन आला होता. स्वतःला डॉक्टर परीक्षित म्हणवत होता. कशातले डॉक्टर, ते कुणी विचारलं नव्हतं.

"मी बाबा नाही," तो मराठी, हिंदी आणि इंग्रजीची भेळ करत सांगत होता. "माझ्याकडे अंगारा नाही, गंडा नाही, दोरा नाही. माझ्याकडे फक्त डेटा आहे, मंडळी. आवाज म्हणजे शरीराचं आधार कार्ड. प्रत्येक अवयवाची एक फ्रीक्वेन्सी असते. आमचं 'स्वरबोध' ती ऐकतं. आजार तुम्ही सांगायचा नाही, बिल्कुल नाही. नाव आणि मोबाईल नंबर, एवढंच. आमची प्रायव्हसी पॉलिसी फार कडक आहे."

मग त्याने पडद्यावर वर्तमानपत्रांची कात्रणं दाखवली. प्रथिनांची घडी कशी पडते हे संगणकाने ओळखलं आणि त्या कामाला नोबेल मिळालं. छातीचे एक्स-रे संगणक वाचतो. खोकल्याच्या आवाजावरून क्षय ओळखता येईल का, याचे प्रयोग चालू आहेत. दारापाशी उभ्या असलेल्या क्षिप्राला यातलं प्रत्येक वाक्य ठाऊक होतं आणि प्रत्येक वाक्य खरं होतं. त्यामुळेच तिला ते जास्त खटकलं. धुतलेल्या ताटात कुणी शिळं वाढावं तसं ते वाटत होतं.

क्षिप्रा मुनिरक्याला एका खोलीत राहायची आणि एक्स-रेवरून क्षयाचे संशयित रुग्ण निवडणाऱ्या प्रोग्रॅमवर तिचं संशोधन चाललं होतं. ती मुळात कमी बोलणारी. तरी तिने हात वर केला आणि विचारलं, की या यंत्राची चूक शंभरात कितीदा होते.

"बेटा, चूक माणसाची होते," परीक्षित हसून म्हणाला. "याची शून्य."

लोकही हसले. क्षिप्राने हात खाली घेतला. तिच्या क्षेत्रात शून्य हा आकडा ऐकला की माणसं खुर्ची पुढे ओढून बसतात आणि खोदून विचारायला लागतात. इथे टाळ्या पडल्या.

तिला इथे ओढून आणलं होतं तिच्या मावसबहिणीने, सुखदाने. सुखदाचा नंबर आला तेव्हा पडद्यावर आलं : थायरॉइड – मंद. डावा घोटा – जुनी इजा. फुप्फुसं – निर्मळ.

तिसरी ओळ वाचताना सुखदाचा चेहरा असा उजळला, की क्षिप्राला त्या क्षणी काही बोलवेना. कारण हॉलमधल्या दीडशे जणांत फक्त तिघांना माहीत होतं, की सुखदाला क्षय झाला होता. सुखदाला, तिच्या नवऱ्याला म्हणजे राघवला, आणि ऑक्टोबरात थुंकी तपासायला तिच्याबरोबर गेलेल्या क्षिप्राला.

गुरुवारी दुपारी क्षिप्रा इंदिरापुरमला सुखदाकडे गेली. फ्रिजवर चुंबकाने लावलेला छापील अहवाल होता, फुप्फुसांच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारलेला. ओट्यावर निळी बाटली. परीक्षितकडून आणलेलं 'ध्वनिसंस्कारित जल', सकाळी अनशापोटी दोन झाकणं. क्षिप्राने वास घेतला. नळाच्या पाण्यात गुलाबाचं इसेन्स. मग तिने गोळ्यांची पाकिटं बघितली. रविवारपासूनची एकही फुटली नव्हती.

 क्षयाचं औषध सहा महिने रोज घ्यायचं असतं. दोन महिन्यांत थुंकीत जंतू दिसेनासे होतात आणि माणसाला वाटतं, सुटलो. पण उरलेले जंतू फुप्फुसात दडून असतात, आणि अर्ध्यावर सोडलेल्या औषधाला सरावून परत उठले तर त्याच गोळ्या त्यांना पुरत नाहीत. सुखदाची थुंकी डिसेंबरअखेर साफ आली होती. तिचा तिसरा महिना चालू होता.

सुखदा म्हणाली, की मशीनने सांगितलंय ना, फुप्फुसं साफ आहेत. मग विष कशाला गिळायचं? त्या गोळ्यांनी लघवी लाल होते, सकाळभर उलटीची भावना असते, आणि पाकिटं कामवालीपासून लपवावी लागतात ते वेगळंच.

राघव घरूनच काम करत होता, तो हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आला. गुरुग्रामच्या कंपनीत त्याच्या हाताखाली अकरा माणसं. "यार क्षिप्रा, आम्ही पण मॉडेलं चालवतो. तो आऊटपुट बघितलास? रिअल टाइम. आणि थायरॉइड त्याला कसं कळलं? आम्ही तर सांगितलं नव्हतं."

"तेच विचारते आहे मी, जिजू. कसं कळलं?"

उत्तर शोधायची सवय तिला गेल्या वर्षी एका फजितीने लावली होती. तिच्या गटाचा प्रोग्रॅम शंभरातले अठ्ठ्याण्णव एक्स-रे बरोबर सांगत होता आणि सगळे हवेत होते. मग त्यांच्या मॅडमनी फोटोतली फुप्फुसं काळ्या चौकोनाने झाकायला लावली. प्रोग्रॅमचं उत्तर तरीही बरोबरच येत राहिलं. तो फुप्फुसं बघतच नव्हता. क्षयाच्या वॉर्डातल्या मशीनवर काढलेल्या फोटोंच्या कोपऱ्यात एक अक्षर उमटायचं, तेवढं वाचून तो उत्तर देत होता. सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं आणि सगळ्यांनी ते पहिल्यापासून परत केलं. तेव्हापासून क्षिप्रा कुठल्याही हुशार यंत्राला आधी एकच विचारायची, की हे नेमकं बघतंय कुठे.

"ताई," तिने सुखदाला विचारलं, "तुझा घोटा कधी दुखावला होता?"

सुखदाने ओढणीची गाठ सोडली आणि परत मारली. "असेल लहानपणी कधीतरी. आठवत नाही."

"तुझ्या लहानपणी मी तुझ्याच घरी राहायला होते. कधी?"

 राघवही सुखदाकडे बघायला लागला. मग ती अगदी हलक्या आवाजात बोलली, की घोट्याला कधी काही झालंच नव्हतं. दरवर्षी मकरसंक्रांतीला मंडळाच्या दोन-तीन बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर जातात. बसमध्ये म्हातारी माणसं फार, म्हणून डिसेंबरात प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतात : आजार, शस्त्रक्रिया, औषधं, मोबाईल नंबर. पुढच्या सीट ज्याला शारीरिक त्रास असेल त्याला. पहाटे गोळ्या घेऊन मागे बसलं तर तिला उलटी झाली असती. पण क्षय आहे असं लिहिणार कसं? सगळे बसमधून उतरले असते. म्हणून तिने थायरॉइड लिहिलं, जे खरंच होतं, आणि डावा घोटा जुना दुखावलेला आहे असं लिहून दिलं. पुढची सीट मिळाली.

"म्हणजे जो घोटा फक्त त्या कागदावर दुखावला," क्षिप्रा म्हणाली, "तो मशीनला तुझ्या आवाजात ऐकू आला. आणि जे फुप्फुसात आहे, जिथून आवाजाला हवा मिळते, ते त्याला ऐकू आलं नाही. कारण ते कागदावर नव्हतं."

राघवला ते पटलं नाही. एखादा योगायोग असू शकतो, म्हणाला. मॉडेलमध्ये थोडा नॉइज असतोच.  सुखदा म्हणाली, की रविवारी रथसप्तमीला तो परत येणार आहे, तेव्हा परत एकदा स्कॅन करून घेते, मग ठरवू. क्षिप्राने त्याच वेळी गोळी घ्यायला सांगितलं, विनवलं, शेवटी चिडली. सुखदाने पाकीट कपाटात ठेवलं आणि चहा टाकला.

तिथून क्षिप्रा थेट मयूर विहारला भालचंद्रकाकांकडे गेली. वासंतीकाकूंचे यजमान आणि मंडळाचे चिटणीस. फॉर्म त्यांच्याकडे असतात. तिने घोट्याची हकिगत सांगितली; क्षयाचं नाव घेतलं नाही. काका आधी हसत होते, मग हसायचे थांबले. पानिपतच्या आधी परीक्षित त्यांना भेटायला आला होता. ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत ॲम्ब्युलन्सची सोय करतो, म्हणाला, फक्त यादी द्या. काकांनी एकशे बारा जणांची यादी त्याला ईमेलने पाठवली होती, टाईप करून, नंबरांसकट. उलट मनात त्याचे आभारही मानले होते.

"छत्तीस वर्षं सरकारी फायली सांभाळल्या मी," ते म्हणाले. "एक कागद बाहेर गेला नाही. आणि घरच्यांची पोटं मी अशी उघडून दिली."

आता क्षिप्राला दुसरीही गोष्ट उमगली. पहिल्या रविवारी जे पानिपतला गेले नव्हते त्यांचे अहवाल इतके गुळमुळीत का होते : झोप अपुरी, वात वाढलेला, मोबाईलचा अतिवापर. दिल्लीत हे कुणाला लागू पडत नाही?

काकांना कार्यक्रमच रद्द करायचा होता. क्षिप्राने त्यांना थांबवलं. रद्द केला तर तो दिल्लीतल्याच द्वारकेच्या मंडळात जाईल, आणि इथले लोक म्हणतील, आपल्या माणसांनी एका शास्त्रज्ञाचा अपमान केला. तिला एक प्रयोग करायचा होता, पण त्यासाठी कुणाचा तरी नंबर लागणार होता आणि त्या माणसाचा आजार चारचौघांत येणार होता. काका क्षणभरही थांबले नाहीत. "माझाच घे. या वयात लाज कसली."

रविवारी हॉल जास्तच भरला. गेल्या वेळचे लोक नातेवाईक घेऊन आले होते. टेबलाशी बसलेल्या मुलीने नाव आणि नंबर विचारला. क्षिप्राने नाव स्वतःचं सांगितलं आणि नंबर भालचंद्रकाकांचा. मग ती माईकपाशी गेली आणि तिने आपल्या बारीक, स्वच्छ आवाजात "आ" लावला.

हिरव्या रेषा नाचल्या. चक्र फिरलं. पडद्यावर आलं : उजवा कान – श्रवण मंद. प्रोस्टेट – वाढलेलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एक हसू फुटलं, त्यामागून सगळा हॉल हसला. एकोणतीस वर्षांच्या मुलीला प्रोस्टेट. क्षिप्रा वाट बघत उभी राहिली आणि हसणं ओसरल्यावर तिने सांगितलं, की आवाज माझा होता, नंबर काकांचा. यंत्राने नंबर ऐकला. मग पानिपतच्या यादीची सगळी हकिगत तिने चार वाक्यांत सांगितली.

परीक्षितने कपाळाचा घाम टिपला, पण डगमगला नाही. "काका तुमच्या मागेच उभे होते ना? त्यांच्या आवाजाची छाया पडली. याला क्वांटम इंटरफिअरन्स म्हणतात. फार सेन्सिटिव्ह आहे सिस्टिम."

काकांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तरी लोक माना डोलवायला लागले. हो, काका मागेच होते. हो, सेन्सिटिव्ह असणारच. क्षिप्रा त्या डोलणाऱ्या मानांकडे बघत राहिली. यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी विज्ञानाच्या पदव्यांच्या फ्रेमा होत्या. ज्याने चोरी केली त्याला सुटायला वाट तेच करून देत होते, का, तर गेल्या रविवारी आपण टाळ्या वाजवल्या होत्या.  यापुढे तिच्याकडे दाखवण्यासारखा एकच पुरावा उरला होता, आणि तो तिच्या मालकीचा नव्हता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सुखदा उठली. राघवने तिचा हात धरला. तिने तो सोडवला.

"माझ्या घोट्याला कधीच काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "मी पुढच्या सीटसाठी फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. याच्या मशीनने ते खोटं जसंच्या तसं वाचून दाखवलं. आणि मला टीबी आहे. ते मी लिहिलं नव्हतं, तर मशीन म्हणालं, फुप्फुसं निर्मळ. मी सात दिवस औषध घेतलं नाही."

 परीक्षितने संधी सोडली नाही. "मंडळी, मास्क लावा," तो मोठ्याने म्हणाला. "टीबी पसरतो. या बाई सगळ्यांत बसून आहेत. विचारा त्यांना, का लपवलं."

खुर्च्या करकरल्या. सुखदाच्या मागच्या-पुढच्या जागा रिकाम्या झाल्या. एक बाई आपल्या मुलीला ओढत भिंतीपर्यंत गेली. सुखदा उभीच होती, पांढरीफटक. राघव तिच्या शेजारी बसला होता. तो उठला, आणि क्षिप्राला वाटलं तोही आता बाजूला होणार. तो तिच्या आणखी जवळ जाऊन उभा राहिला.

क्षिप्राने माईक हातात घेतला. जन्मात ती एवढं मोठ्याने बोलली नव्हती.

"दोन महिने औषध नीट घेतल्यावर तिची थुंकी तपासली. जंतू नाहीत. तिच्याजवळ बसल्याने तुम्हाला काही होणार नाही. ती परत आजारी पडेल ती या माणसाचं ऐकून औषध सोडलं तर. तेव्हा मात्र तिच्यापासून तुम्हालाही होऊ शकेल. आता एक करा. पानिपतला गेलेल्यांनी आपापले फोन काढा, त्यावर आलेला रिपोर्ट उघडा. पानिपतच्या फॉर्मवर तुम्ही लिहिलं नव्हतं असं एक तरी दुखणं त्यात आहे का, शोधा. एक दाखवा. मी माफी मागून खाली बसते."

फोन निघाले. चष्मे कपाळावरून डोळ्यांवर आले. हॉलमध्ये फक्त कुजबुज. एक मिनिट गेलं, दोन गेली. नाव-नंबर लिहून घेणारी मुलगी टेबलावरच्या वायरी गुंडाळायला लागली.

पहिल्यांदा बोलल्या त्या वासंतीकाकू. "माझी शुगर मी लिहिली नव्हती," त्या खाली बघत म्हणाल्या. "लिहिली असती तर बसमध्ये मला शिरा मिळाला नसता. रिपोर्टमध्ये लिहिलंय, शर्करा उत्तम."

"आणि तू आठवडाभर जिलबी खाते आहेस," काका म्हणाले.

"मशीनने उत्तम म्हटलं होतं."

यावर कुणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, की त्याने स्टेंट लिहिला नव्हता, ट्रिपला नेणार नाहीत या भीतीने. त्याच्या रिपोर्टात हृदय बलवान होतं. आणखी एक जण बोलला, मग आणखी दोघं. जे लिहिलं होतं ते सगळं सापडलं होतं. जे लपवलं होतं ते एकाचंही सापडलं नव्हतं. भालचंद्रकाका व्यासपीठावर चढले, त्यांनी हात जोडून यादीबद्दल सगळ्यांची क्षमा मागितली आणि परीक्षितला म्हणाले, की पोलिसांत तक्रार मी आजच देणार आहे, लॅपटॉप घेऊन कुठे जायचं ते तुम्ही ठरवा.

परीक्षितने कोट काढून हातावर टाकला. आत साधा चौकड्यांचा शर्ट होता. जाताना तो दारातल्या कुणाला तरी हिंदीत म्हणाला, की तुम लोगों का लेव्हल नहीं है. खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सुखदाने त्या दुपारीच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळ्या लगेच सुरू करायला सांगितल्या. सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, म्हणून मंगळवारी तिघं औषध केंद्रावर गेली. तिथल्या सिस्टर कार्डावर सात रिकामी घरं बघत राहिल्या. "बीच में क्यों छोड़ा?" त्यांनी विचारलं. सुखदाने खरं ते सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. सिस्टरनी मान हलवली, म्हणाल्या की या महिन्यात ती तिसरी, आणि थुंकीची डबी पुढे केली. औषध अजून लागू पडतंय की नाही, ते तपासणीनंतर कळणार होतं. राघव भिंतीवरचा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचत होता.

शनिवारी निकाल आला. जंतू नव्हते. सुखदाची सुटका झाली, पण ती त्या यंत्रामुळे झाली नाही. फक्त सात दिवसच गेले होते म्हणून झाली.

विज्ञान रोज नवीन काही करून दाखवतं, आणि आजकाल ते चमत्कारासारखंच दिसतं. यंत्र एक्स-रे वाचतं, प्रथिनाची घडी ओळखतं, हे खरं आहे. पण खऱ्या संशोधनाच्या प्रत्येक निकालाखाली लिहिलेलं असतं, की हे कसं कळलं आणि कितीदा चुकलं. म्हणून तुमच्यापुढे कुणी राख घेऊन येवो की लॅपटॉप, टाळी वाजवण्याआधी हे दोन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत, आणि आपले डॉक्टर सांगेपर्यंत, चालू असलेली गोळी थांबवू नका.